तलावाचे फोटो सुरक्षित आहेत

४ एप्रिल

ताई पडली. स्टुलावरून, माळ्यावरची सूटकेस काढताना. सूटकेस कशासाठी, तर आम्हा दोघी बहिणींच्या तलावाच्या ट्रिपसाठी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टर म्हणतो प्रवासाचं नावही काढू नका. डॉक्टर दिसायला दहावीतला. मी त्याला कॉलेज कुठलं ते विचारलं. ताईने माझा हात दाबला.

या ट्रिपचा ध्यास तिचाच. तिच्या कपाटाच्या दाराला आतून त्या तलावाचं कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे, कपाट उघडलं की आधी तलाव आणि मग साड्या. मी नुसती सोबतीला जाणार होते. आता म्हणते, माझं तिकीट वाया घालवू नको, नवऱ्याला घेऊन जा. यांना विचारलं. हे "बरं" म्हणाले. लग्नाच्या वेळीही एवढंच म्हणाले होते.

हॉस्पिटलमधून निघताना ताई म्हणाली, "छोटे, माझ्या वाटचंही बघून ये हं." डोळ्यांत पाणी होतं. ताई रडणारी नाही.

नुसतं बघून काय यायचं? मी तिला अख्खा तलाव आणून देणार. एकूण एक फोटो, क्रमवार, मोठ्या टीव्हीवर. ठरलं.

६ एप्रिल

मुलाने वाढदिवसाला दिलेला कॅमेरा बाहेर काढला. चालतो. आता मूळ प्रश्न. काढलेले फोटो ठेवायचे कुठे? फोटो काढणारे ढीगभर असतात, याचा विचार कोणी करत नाही. मी विमा कंपनीत रेकॉर्ड सेक्शन सांभाळला. माझ्या हाताखाली एक कागद हरवला नाही. एकदा एक हरवला होता, पण तो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये सापडला. साहेबांनी माफी मागितली नाही.

सूनबाई म्हणाली, आई, क्लाउडवर टाका, आपोआप जातात. म्हणजे माझे फोटो कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर, आणि मी इथे निवांत. पत्ता विचारला तर तिला सांगता येईना. पत्ता नाही तिथे मी पोस्टकार्डही टाकत नाही.

७ एप्रिल

कॉम्प्युटरच्या दुकानात दुपार गेली. सेल्समनने आधी पेन ड्राइव्ह दाखवला. नखाएवढी वस्तू. शिंक आली तर ताईचा तलाव उडून जायचा. नको म्हटलं. मग दोन प्रकारच्या डिस्क काढल्या. एकीच्या आत तबकडी फिरते, ती पडली की संपली. दुसरीत काहीच फिरत नाही, म्हणून ती महाग. काहीच करत नाही आणि पगार जास्त, अशी माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. फिरणारी घेतली. पाडायची नाही, झालं.

सेल्समनने विचारलं, किती फोटो काढणार? म्हटलं, अजून बघितलंच नाही तर कसं सांगू. तो म्हणाला हिच्यात लाखांनी मावतात. मनात धास्ती बसली. एवढे काढायला पहाटे उठावं लागेल.

दोन घेतल्या तर स्वस्त पडत होत्या, म्हणून दोन घेतल्या. तो म्हणाला, छान, एक कॉपी हिच्यात, एक कॉपी तिच्यात. मी त्याला शांतपणे समजावलं की रेकॉर्ड सेक्शनचा पहिला नियम, अस्सल एक आणि जागा एक. जितक्या प्रती तितके घोटाळे. डिस्कमध्ये फोटो गेला की कॅमेऱ्यातला पुसायचा. तो हे सगळं माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघत ऐकत होता. हे दुकानातला पंखा बघत होते.

१२ एप्रिल

दुसऱ्या डिस्कचं काय करायचं ते सुचलं. चोरासाठी!

सहलीत चोऱ्या होतात. म्हणून खऱ्या डिस्कवर चिठ्ठी लावली, "रिकामी". खरोखर रिकामी आहे तिच्यावर लावली, "महत्त्वाचे फोटो". चोर दुसरी उचलणार आणि घरी जाऊन कपाळ बडवणार. यांना सांगितलं. हे बराच वेळ दोन्ही डिस्ककडे बघत राहिले. कौतुक तोंडाने करायची सवय नाही.

सूनबाईने लॅपटॉप दिला. देताना तीनदा सांगितलं, जपून. मी काय लॅपटॉप खाते?

१६ एप्रिल, रात्री

पोहोचलो. टूरची बस ठीक. शेजारच्या सीटवर एक दंतवैद्य बाई, एकट्या, फार हसतात. दात पांढरेशुभ्र, धंद्याची जाहिरात. त्यांचे फोटो फोनमधून आपोआप क्लाउडवर जातात म्हणे. मी म्हटलं, शुभेच्छा.

बसच्या खिडकीतून, थांब्यावर, हॉटेलच्या गच्चीवरून भरपूर फोटो. रात्री सगळे "रिकामी"मध्ये भरले, कॅमेरा पुसला. खोलीत प्लगचे पॉइंट दोनच, त्यातला एक पलंगामागे. यांना पलंग ओढायला लावला. खाली फिरायला जायचं म्हणत होते, पण डिस्कपाशी कोणीतरी हवं. दोघंही थांबलो. नंतर हे एकटेच गेले. परत येऊन म्हणाले, चांदणं पडलंय. म्हटलं, सकाळी काढू.

१७ एप्रिल

दिवसभर काठाकाठाने. कॅमेरा डोळ्यापासून खाली आला नाही. गाइड काहीतरी सांगत होता, ऐकायला वेळ नव्हता. एका दगडावर हे अर्धा तास नुसते बसून राहिले. माझ्यासाठी कॅमेऱ्याची बॅटरी धरायला कोणी नाही.

संध्याकाळी भयंकर प्रकार. लॉबीत मी "रिकामी" डिस्क रुमालात गुंडाळत होते आणि दंतवैद्य बाईंनी ते पाहिलं. हसून म्हणाल्या, रिकाम्या डिस्कला केवढं जपता. म्हणजे डाव फुटला. आता ही गोष्ट बसभर होणार आणि चोर असलाच तर नेमकी "रिकामी" उचलणार.

उपाय सोपा. चिठ्ठ्यांची अदलाबदल. आजचे फोटो भरून झाल्यावर यांना सांगितलं, मी आंघोळ करून येते, तेवढ्यात दोन्ही चिठ्ठ्या बदलून ठेवा. हे "बरं" म्हणाले. आंघोळ करताना मनात आलं, यांच्यावर एवढी जबाबदारी नको. कपाट बंद करायला सांगितलं तर हे खिडकी बंद करतात. बाहेर आले तर हे बाल्कनीत उभे. मीच दोन मिनिटांत चिठ्ठ्या बदलून टाकल्या. आता "महत्त्वाचे फोटो"मध्ये महत्त्वाचे फोटो आणि "रिकामी" खरोखर रिकामी. शांत झोप लागेल.

१८ एप्रिल, दुपारी

आज बोटीचा दिवस. ताई ज्यासाठी जीव टाकत होती ती तलावाच्या मधोमध नेणारी बोट. म्हणूनच आज घाई उपयोगाची नाही. दोन दिवसांचा ऐवज असलेली डिस्क मी सीलबंद केली, पुन्हा उघडायची नाही. बोटीचे फोटो दुसऱ्या, कोऱ्या डिस्कमध्ये.

ती लॅपटॉपला जोडली तर आत चार फोल्डर. नावं नाहीत, नुसते आकडे. कोऱ्या डिस्कमध्ये! ही सूनबाईची करणी. स्वतःचा कचरा सासूच्या डिस्कमध्ये. उघडून बघितलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूत डोकावू नये हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी मारून शिकवत. नवीन कपाटात फायली लावण्याआधी मी ते पुसून घेत असे, तेच इथे केलं. फॉर्मॅट. मशीनने विचारलं, खात्री आहे का. मला! मग विचारलं, झटपट करू की पूर्ण. झटपट कामाचा मला तिटकारा आहे. पूर्ण म्हटलं.

पूर्णला फार वेळ लागतो असं दिसतंय. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकते आहे. खालून टूर मॅनेजरचा फोन, बोट सुटते आहे. म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, बोट आहे बाई, टॅक्सी नाही. उद्धट.

हे दारात उभे, टोपी घालून. म्हणाले, राहू दे ना ते, चल. मी म्हटलं, अर्ध्यात सोडलं तर डिस्क बिघडेल, तुम्ही जा. कॅमेरा न्या म्हटलं तर म्हणतात मला येत नाही. गेले.

संध्याकाळी

फॉर्मॅट पूर्ण. एकही चूक नाही. खिडकी हॉटेलच्या मागच्या बाजूला असल्यामुळे बोट दिसली नाही, पण भोंगा ऐकू आला. बोटीचे फोटो नाहीत याचं फार वाटून घेणार नाही. दोन दिवसांचा तलाव सुरक्षित आहे. हे परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि चेहरा लग्नातल्यासारखा. काही सांगायला लागले होते. म्हटलं, आधी पँट वाळत घाला.

१९ एप्रिल

निघालो. निघताना सामानाचे फोटो काढून ठेवले, पुरावा म्हणून. कोऱ्या डिस्कमध्ये भरले. किती स्वच्छ वाटते.

२० एप्रिल

घरी. "महत्त्वाचे फोटो" उघडली.

काही नाही. पांढरंफटक.

पुन्हा लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. सूनबाईला हाक मारली, तिनेही पाहिलं. मी तिच्या कचऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, आई, मी तुमच्या डिस्कला हातही लावला नाही. सुनेवर अविश्वास दाखवायचा नाही असा माझा नियम आहे, म्हणून मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

मग यांच्याकडे वळले. त्या रात्री तुम्ही चिठ्ठ्यांना हात लावला नव्हता ना?

"लावला की. तू आंघोळीला गेलीस तेव्हाच बदलल्या. तू सांगितलं होतंस."

म्हणजे यांनी बदलल्या आणि मी पुन्हा बदलल्या, आणि फॉर्मॅट झाला तो तलाव. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी सांगितलेलं काम सांगितल्या वेळेला केलं ते नेमकं त्या रात्री.

२१ एप्रिल

दुकानात. सेल्समन म्हणाला झटपट फॉर्मॅट असतं तर बरंच काही परत मिळालं असतं. पूर्ण केल्यावर नाही. इतकं नीट कोण करतं, असं विचारलं त्याने. ते कौतुक नव्हतं.

एक गोष्ट मात्र कोणालाही मान्य करावी लागेल. खरोखरीचा चोर आला असता तर त्याच्या हाती काहीही लागलं नसतं.

२२ एप्रिल

सूनबाईने मला न विचारता दंतवैद्य बाईंकडून फोटो मागवले. दोन मिनिटांत आले. प्रत्येक फोटोत बाई स्वतः, हात लांब करून, आणि दात. तलाव कानाच्या मागे थोडासा. असले फोटो ताईला दाखवले तर तिला दाढ दुखल्यासारखं वाटेल.

ताईचा फोन. केव्हा येतेस, टीव्ही पुसून घेतलाय. आवाजच इतका हौशी होता. म्हटलं, फोटोंचं वर्गीकरण चालू आहे.

२४ एप्रिल

टाळणार किती? गेलो. ताई पलंगावर टेकून बसलेली, केस विंचरून, चांगली साडी नेसून. पाहुण्यांसाठी नाही, तलावासाठी.

डिस्क जोडली. सूटकेस, पुढून. सूटकेस, मागून. सूटकेस बसमध्ये चढताना. हॉटेलचं बिल. ताईने शेवटपर्यंत बघितलं. मग मी झालेलं सांगितलं, सगळ्यांच्या चुकांसकट. मला वाटलं रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ते गेलं ते गेलं. तू तर बघितलंस ना? मग सांग मला."

मी सांगायला लागले. पलंगामागचा प्लग. गरम पाणी सकाळी लवकर संपतं. ताई म्हणाली, अगं तलावाचं पाणी कसं होतं? मी म्हटलं, लॅपटॉपवर निळं दिसत होतं. आणि बोट? म्हटलं, भोंगा मोठा आहे.

ताईने डोळे मिटून घेतले. मला पुढे काही आठवेना. कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा तेवढा स्वच्छ आठवत होता.

तेव्हा हे बोलायला लागले. खुर्चीत बसून, संत्रं सोलता सोलता. म्हणाले, पाणी एका रंगाचं नाहीच. काठाशी चहासारखं, मग हिरवं, आणि मध्ये गेलं की काळं, पण स्वच्छ काळं. एका बाजूला जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत जातो. पूर्वी खाली वस्ती होती. नावाडी त्या रस्त्यावर बोट आणतो आणि इंजिन बंद करतो. वाकून बघितलं की खाली रस्त्यावरची पांढरी रेघ दिसते, वळणापर्यंत. वळणानंतर दिसत नाही. सगळे गप्प होतात, दंतवैद्य बाईसुद्धा. मग एक बदक येऊन त्या रेघेवरून पोहत जातं, अगदी डाव्या बाजूने, कायदा पाळत.

ताई हसली. डोळे मिटलेलेच. विचारलं, आणि तुमची पँट कशाने भिजली? तर रस्ता पाण्यात उतरतो तिथे हे बूट काढून चालत गेले होते, खाली डांबर पायाला लागेपर्यंत. ताई म्हणाली, गार होतं? हे म्हणाले, पहिल्यांदा गार, मग नाही. तिने पलंगावर आपली बोटं हलवली. नंतर तासभर ती विचारत होती आणि हे सांगत होते. एवढी वाक्यं या माणसाकडे आहेत हे मला कोणी कळवलं नव्हतं. संत्रं तसंच राहिलं. मी खाल्लं.

मीसुद्धा ऐकत बसले. ऐकण्यासारखंच होतं. परत येताना टॅक्सीत मात्र यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, अशी सुंदर ठिकाणं माहीत आहेत तुम्हाला, आणि मला कधी एकदा नेलं नाहीत.