पाहुण्यांसमोर कापलेला प्लग

बाबा, चिखलीत हल्ली लोक मला म्हणतात, "बापावर गेली." तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात. मला मात्र ते ऐकवत नाही, म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्यावर कूलर-मोटर दुरुस्तीचं दुकान आईनं आणि तुमच्या जुन्या मिस्त्रीनं कसंबसं रेटलं. मिस्त्री थकले तसं मी हातात पक्कड घेतली. आयटीआय केलं होतं, भीती कामाची नव्हती. भीती होती गिऱ्हाइकाची, म्हणजे ते नसण्याची. आता कुणी कूलरवाल्याला शोधत दुकानापर्यंत येत नाही. मोबाइलवर बोट ठेवलं की शहरातल्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला माणूस दारात उभा. होळी झाली, ऊन चढलं, आणि मी दुकानात माशा मारत बसलेली. पेपरात पत्रकं टाकली, तर दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर त्याच पत्रकात मला भजी बांधून मिळाली! अक्षय्य तृतीया महिन्यावर आली तसा दादाचा पुण्याहून फोन आला, "आखाजीपर्यंत पाय. नाई जमलं तर शटर मोबाइलवाल्याले देऊन टाकू. कायले जीव काढतं?" तो वाईट बोलला नाही, त्याचं बरोबरच होतं. पण त्या रात्री मला भाकरी गिळवली नाही.

मग एक गोष्ट डोक्यात आली, आणि ती तुमच्यामुळेच आली. तुम्ही फाटकातून हाक मारायचात, "भाऊ हायेत का घरी?" भाऊ नसले की उंबऱ्याला पाय न लावता मागे फिरायचात. दुपारभर बायका उकाड्यात बसायच्या आणि तुमची सायकल संध्याकाळी पुन्हा तीच गल्ली तुडवायची. मी विचार केला, मला कुठं मागे फिरायचंय? मी बाईमाणूस. दुपारी घरात एकटी बाई असली तरी ती मला दार उघडेल, पाणीही देईल. तसं मी सांगत सुटले. हळदीकुंकवात, दळण दळायला गेलं की गिरणीवर, भाजी घेता घेता. एक-दोन घरं मिळालीही. पण मला हवा होता बचत गट. मास्तर लोकांच्या कॉलनीत एक बाई गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी शब्द टाकला की अख्खी कॉलनी मागं येते. आणि एके सकाळी त्यांचाच फोन आला.

घरात मुलाच्या साक्षगंधाची, साखरपुड्याची गडबड. दुपारी जळगाव जामोदहून मुलीकडचे येणार होते. कूलर मोठा, बैठकीच्या खिडकीला लावलेला, आणि हात लावला की झटका देणारा. मी टेस्टर लावला, मग उघडून पाहिला. पंपात पाणी शिरलेलं, थ्री-पिनची तिसरी पिन कुणीतरी उपटून टाकलेली, आणि घराची अर्थिंग नुसती नावाला. म्हटलं, "काकू, आज चालू करू नका. पंप बदलावा लागेल, अर्थिंगही पाह्यावी लागेल."

"आज? पाहुणे येऊन राह्यले ना वं! आमी चप्पल घालूनच पानी टाकतो त्यात. दोन वर्सं झाले, कोनी मेलं काय?" मग त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुह्या बापानंबी असंच केलं होतं. करंट मारते म्हने, आन् प्लगच कापून खिशात घालून घेऊन गेला. मंग कोन बलावनं त्याले?"

माझी कानशिलं तापली. कारण ते खरं होतं. तुम्ही असे कितीतरी प्लग कापून आणलेत आणि गिऱ्हाइकं तोडलीत. अजून डोळ्यांसमोर आहे, स्वयंपाकघरात आई भाकरी थापता थापता म्हणते आहे, "लोकायचे प्लग कापून पोट भरते काय?" तुम्ही ताटातला तुकडा नुसता इकडून तिकडे करता आहात. मी दारात उभी आहे, आणि मी आईच्या बाजूनं आहे. मला नवे बूट हवे होते त्या वर्षी. तुमचा मला राग आला होता बाबा, आणि पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

म्हणून काकूंकडे मी काय केलं, तर उरलेल्या दोन पिनांवर प्लग उलटा करून लावला. झटका कमी झाला. खाली रबराची चटई टाकली, "चप्पल घातल्याबिगर हात लावू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका," असं पुन्हापुन्हा बजावलं आणि कूलर चालू करून दिला. गार वारा आला तशा काकू खुलल्या. "हे पाय, असं पाह्यजे काम! थांब, गटाच्या वाट्सापवर तुहा नंबर टाकते."

मी चौकात पोचेपर्यंत मोबाइल वाजायला लागला होता. उद्या या, परवा या, आमचंही पाहून द्या. उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहून मी वेड्यासारखी हसत होते. दादाला काय काय सुनवायचं तेही ठरवून झालं.

आणि तिथून मी परत फिरले.

बैठकीत एव्हाना पाहुणे येऊन बसलेले, पोह्यांच्या बशा फिरताहेत. काकूंची नात, नवा फ्रॉक घातलेली, अनवाणी, स्टीलचा तांब्या घेऊन अंगणातून कूलरकडे निघाली आहे. आजीनंच सांगितलं असेल किंवा तिचं तिलाच वाटलं असेल. फरशी सांडलेल्या पाण्यानं ओली. मी कशी ओरडले ते माझं मलाच कळलं नाही. पोरीच्या हातातून तांब्या पडला, ती रडायला लागली. मी आत घुसून बटण बंद केलं, प्लग ओढला आणि पक्कडीनं कापला. पहिल्यांदा वायर सटकली, दुसऱ्यांदा तुटली. तुमचीही सटकायची का हो?

"काय करून राह्यली वं तू? पाहुण्याईसमोर?" काकूंचा चेहरा लाल झाला. "चालती हो! या घरात पुन्ना पाय ठेवू नको!"

संध्याकाळपर्यंत गटावर माझ्याबद्दल काय काय लिहून आलं. उद्या या म्हणणाऱ्यांनी एकेक करून नको म्हणून कळवलं. पुढचे दिवस मी दुकानात बसून मोबाइल नुसता उलटा-पालटा करत होते. मेली एकदाची माझी दुकानदारी, असंच वाटलं. तुम्हालाही शिव्या दिल्या, मनातल्या मनात, भरपूर.

मग एका दुपारी कुणी बाई फोनवर दबक्या आवाजात बोलली, "प्लग कापून नेते ते तुमीच ना? आमच्याकडं याल काय? आमचे हे म्हनते चप्पल घाल, काई होत नाई. माह्यं लेकरू रांगते हो ताई. हे ड्युटीवर गेले की या, आन् कापूनच टाका. मंग त्याईले बनवूनच घ्यावं लागन."

मी गेले. तिच्या जावेनं बोलावलं, मग तिच्या शेजारणीनं. दुपारच्या बायका, बाबा! कुणाचा कूलर, कुणाचा हीटर, कुणाची मोटर. आधी कापते, मग नीट करून देते. काकूंनी अजून बोलावलेलं नाही, बोलावतील असं वाटतही नाही. आखाजी होऊन गेली. दादा म्हणाला, "राहू दे मंग यंदा दुकान." एवढं ऐकून मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. कॉलनीत आता गोष्ट अशी सांगतात, की तिचा जीव राहिला नाही, अर्ध्या रस्त्यातून परत आली, बापाचंच रक्त. बायका मला त्या गोष्टीवर बोलावतात आणि मीही कुणाला दुरुस्त करत नाही. पण तुम्हाला सांगते. मी टेस्टर विसरले होते. टेस्टर आणायला परत गेले होते.