पाठ गेलेले खडे

चिमट्यात धरलेला हा सतरावा खडा, काकी, आणि याचीही पाठ गेली आहे. पितळी घरातून उपसून उलटा केला तर मागची चंदेरी साय ओल्या राखेसारखी बोटाला लागून आली. उरली नुसती काच. तिच्यातून टेबलावरचा कागद दिसतो, कागदावरची रेघ दिसते. अठरावा काढते. तोही तसाच. हारात एकूण त्रेसष्ट आहेत. सगळे काढून बघायची गरज नाही हे मला कळतं, तरी हात थांबत नाही. एखादा तरी वाचला असेल असं वाटतं. एकोणिसावा. नाही.

हा तुझा हार आहे. पेणजवळच्या जिते गावाच्या पुढे खाडीकाठच्या तुझ्या माहेरच्या वाडीत एका मुलीच्या लग्नात सोनं नव्हतं, तिचा बाप मिठागरावर होता, म्हणून तू आपल्या पुडीतले जुने काचखडे काढून तिला हा करून दिलास. पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीनं मागितला. मग तिसरीनं. तेव्हापासून वाडीतली प्रत्येक नवरी हाच घालते, ज्यांच्याकडे आता सोनं आहे त्याही. लग्न झालं की हार त्या घरी राहतो आणि पुढचं लग्न ठरलं की त्या घरची बाई तो स्वतः नेऊन पोचवते. तू गेल्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून दोरा बदलायला, सैल झालेला खडा बसवायला तो रोह्याला माझ्याकडे येतो. उद्या दुपारी वाडीत लग्न आहे. पहिल्यांदा ज्या मुलीनं तो घातला तिचीच नात नवरी आहे. सकाळी नवरीची मावशी हार न्यायला येणार आहे.

पाच दिवसांपूर्वी तीच घेऊन आली होती. दारातूनच बोलत आली. "नवरीला पार्लरमदी बसवून आलू. हार तुमच्या पार्लरमदी. बगू कोण जास्त उजळतंय." मी हार हातात घेतला. तेहेतीस नवऱ्यांची हळद त्यात साठली होती. खड्यांच्या कडेनं तेल आणि हळदीचा तपकिरी थर, नखानं खरवडला तरी निघेना असा. मावशी म्हणाली, "जरा चकचकीत करा गो ताई. फोटोवाला मुंबईचा हाय." मी म्हटलं, करते.

तीन दिवस मी कोरड्या ब्रशनं काम केलं. कापूस गुंडाळलेल्या काडीनं एकेक कड पुसली. अकरा खडे नीट झाले. बाकीचे मळकटच. आज सकाळी मी वाटीत कोमट पाणी घेतलं, साबणाचे दोन थेंब टाकले आणि हार त्यात सोडला. घड्याळ लावून एक मिनिट. बाहेर काढला तेव्हा तो इतका सुंदर दिसत होता, काकी, की मी त्याला खिडकीत धरून उभी राहिले. फडक्यावर ठेवला, भाताचा कुकर लावून परत आले. तेवढ्यात खडे विझायला लागले होते. आधी कडेनं काळी रेघ आली. मग ती आत सरकत गेली. घरांत शिरलेलं पाणी मागची पाठ सोडवत होतं आणि मला ते वरून दिसत होतं. मी हार झटकला, पंख्याखाली धरला, केसांचा ड्रायर लावला. त्यानं ते आणखी वेगानं झालं.

मी तुझ्याकडे काम शिकायला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पेणला तुझ्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून आपण खडे निवडायचो. भाकऱ्या झाल्या की तू तवा घासून, कोरडा करून उपडा ठेवायचीस आणि त्यावर खडे पसरायचीस. काळ्यावर जिवंत खडा ठिणगीसारखा दिसतो आणि पाठ गेलेला तव्यातच बुडून जातो. मेण लावलेल्या काडीनं जिवंत तेवढे उचलायचे. तू बोलत नसायचीस. तुझ्या काडीचा तव्यावर टक टक आवाज होई आणि माझ्या काडीचा तिच्या निम्म्यानं. पहिल्याच आठवड्यात एक पुडी फार धुळकट निघाली. तू बाहेर गेली होतीस. मी ते खडे तांदूळ धुवावेत तसे तीन पाण्यातून धुतले आणि चाळणीत निथळत ठेवले. तू आलीस. चाळणीत बघितलंस. चाळणी तशीच उचललीस आणि मला घेऊन कारखान्यात गेलीस. तिथे गणपतींच्या रांगा, खडे चिकटवणाऱ्या दहा-बारा बायका. त्यांच्यामध्ये चाळणी ठेवून म्हणालीस, "ही रोह्याची शिकलेली पोर. हिनं खडं धुतलं. उद्या मिठागरात जाऊन मीठ धुवंल."

बायका हसून लोळल्या. त्या हंगामभर मला मीठधुणी म्हणत होत्या. "मीठधुणे, पीतांबराचा काठ झाला का गो?" "मीठधुणे, सोंड पुसू नकू हां, विरघळंल." मी रडले नाही. संध्याकाळी तू मला एसटीपर्यंत सोडायला आलीस आणि गाडी सुटताना खिडकीतून म्हणालीस, "खड्याला घाम चालतो, तेल चालतं, धूळ चालते. पाणी दाखवायचं नाय. वरून हसतो आनि आत मरतो." पुढे मी स्वतः खड्यांचे दागिने करायला लागले, कुड्या, नथी, अंबाड्याचे आकडे. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला तुझं हे वाक्य मी पहिल्या दिवशी सांगते. किती जणींना सांगितलं असेल. आज सकाळी वाटीत पाणी घेताना ते मला आठवलं नाही असं मी लिहिणार होते.

भात तसाच टाकून मी पेणला गेले. नागोठण्याला गाडी थांबून राहिली, मी खाली उतरून चालत सुटावं की काय असं मला झालं. तुझा कारखाना आता दुमजली आहे. खाली मूर्तींना रंग चालू होता. वर बायका खडे लावत होत्या. मी एकीला पुडी उघडून मेलेला खडा दाखवला, असा, या मापाचा, जुन्या काचेचा कुठे मिळेल विचारलं. तिनं तो उन्हात धरला. "ह्यो तर बुजगावन्याचा डोळा हाय," म्हणाली. मग माझ्याकडे बघून जरा नरमली. "ताई, आता सगळं पाकिटात येतंय. मागं गोंद लावूनच. सोलायचं, चिकटवायचं. काचंचं कोन करतंय?" तिनं मला एक पाकीट दिलं. प्लॅस्टिकचे खडे, एकाला एक जोडलेले, गुंडाळीसारखे. दुसऱ्या दोन दुकानांत विचारलं. एका म्हाताऱ्या दुकानदाराला तू आठवत होतीस. त्यानं माळ्यावरचे डबे काढायला लावले. त्यात जुनी काच होती, हिरवी आणि लाल. पांढरी एकही नाही.

परतीच्या गाडीत मला ते कळलं जे इतकी वर्षं समोर होतं. तू चाळीस हंगाम गणपतींना खडे लावलेस. मुकुट, सोंडपट्टे, बाजूबंद. दरवर्षीचं सगळं काम त्याच वर्षी पाण्यात गेलं. कुठल्या घरात, कुठल्या देवळात तुझ्या हातचं आज काही नाही. पाण्यात न गेलेली तुझी एकच गोष्ट या जगात होती आणि ती तू त्या वाडीच्या स्वाधीन केली होतीस. तिला पाणी मी दाखवलं. नागोठणं येईपर्यंत मी तोंडावर पदर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कोन गेलं काय? मी व्हय म्हटलं.

आता संध्याकाळचे पाच वाजले आहेत. मी बेगड कापते आहे. तुला बेगड आवडायचं नाही. मखर करणाऱ्यांनी ते वापरावं, खडेवाल्यांनी हात लावू नये, असं तू म्हणायचीस. दुसऱ्याच्या कपाळाचं कुंकू लावून मिरवावं तसं ते, म्हणायचीस. मी खड्याच्या मापाचे चंदेरी तुकडे कापून प्रत्येक घरात एकेक बसवते, वरून काच, मग घराची पितळी नखं दाबते. चकाकतं, पण ती चकाकी खड्याच्या पोटातून येत नाही. मान हलली की जुना खडा सात ठिकाणी उजेड तोडायचा. हा एकदाच चमकतो, सगळा एकदम, आणि मग सपाट होतो. लग्न भर दुपारचं आहे. मांडवात नवरीची आजी पहिल्या रांगेत बसणार. तिनं हा हार आपल्या गळ्यात बघितला आहे, मग मुलीच्या, मग वाडीतल्या सगळ्या मुलींच्या. तिला काय दिसेल? चव्वेचाळीस झाले, एकोणीस राहिलेत. सकाळी मी काय सांगू? दोरा बदलला म्हणू? जुनी काच कधीतरी जातेच म्हणू? ही दोन्ही वाक्यं मी मोठ्यानं म्हणून बघितली. दुसरं चांगलं वाटतं.

खोटं तुझ्याशी तरी बोलू नये म्हणून लिहिते. मला वाटलं घरं बंद आहेत, पाणी आत शिरणार नाही, हे खरं नाही. तुझं वाक्य आठवलं नाही हेही खरं नाही. वाटी हातात होती तेव्हा तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, गाडीच्या खिडकीतून आला होता तसा. मी तरी हार सोडला. दर वेळी हार आला की वाडीच्या बायका म्हणायच्या, काकीच्या हातची सर नाय. मी एकवीस वर्षं दोरा बदलते, माझ्या हाताबद्दल कुणी बोललं नाही. मला एकदा, या एका लग्नात, हा हार तुझ्या वेळेपेक्षा उजळ दिसायला हवा होता. खिडकीत धरला तेव्हा तो तसा होता. विझायला लागेपर्यंत मला फार बरं वाटलं, काकी.

तुझा पत्ता असता तर मी हे लिहिलं नसतं.

सकाळी साडेसातला नवरीची मावशी आली. मी हार तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, वाटी, पाणी, बेगड. तिनं तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "आजीला नाय सांगायचा. तुमी नाय, मी नाय." हार रुमालात गुंडाळून पिशवीत घातला, चपला घातल्या आणि पायरीवरून वळून म्हणाली, "दुपारला या मग जेवायला." मी येते म्हटलं. गेले नाही.