चाकं जमिनीला टेकल्यावर

बाबा, काल मी गाडीच्या पुढच्या चाकांच्या दांड्यांमधले रबरी बुश स्वतः बदलले. तुम्ही गेल्यानंतर घेतलेली ही छोटी गाडी आता जुनी झाली. दोन महिने पुढून खडखडत होती, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढायची. तुमची नात हीच गाडी घेऊन रोज दोडामार्गहून गोव्यात कामाला जाते. इथला गॅरेजवाला म्हणाला, बुशांचं रबर संपलंय, गाडी दोन दिवस ठेवून जा. मी म्हटलं, कशाला, मी कणकवलीच्या मेस्त्रींची मुलगी आहे. जरा मोठ्यानेच म्हटलं.

तुमची पद्धत मला पाठ होती. नवे बुश बसले की बोल्ट नुसते सैलसर टेकवून ठेवायचात, गाडी जॅकवरून उतरवून गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यायचात आणि गिऱ्हाइकाच्या घरच्यांना आत बसायला सांगायचात. आजोबा, काकी, काकीच्या मांडीवर पोर, सगळे देवळात बसल्यासारखे गप्प. बिचाऱ्यांना वाटायचं, हा मेस्त्रींचा काहीतरी नेम आहे. खाली खड्ड्यात उभे राहून तुम्ही बोल्ट पक्के आवळत असायचात. गिऱ्हाईक एकटंच आलं की मला बसवायचात. एकदा कंटाळून मी मध्येच उतरले, तर खालून तुमचा आवाज आला, "खंय चललंस गो? वजन नसताना आवळलंय तर रबर पिळान ऱ्हवतला, चार म्हयन्यात फाटतला. मगे लोकांका काय सांगू, माझा चेडू कंटाळला?" मी गुपचूप परत जाऊन बसले. पुढे लग्नात तुम्ही मला लांब दांड्याचा पाना दिलात. सासरचे अजून त्यावरून चिडवतात. शेवटचं आवळणं मी त्याच पान्याने करते.

काल चाकं टेकवली तेव्हा तेवढंच राहिलं होतं. लेकीला आत बसायला हाक मारणार, इतक्यात शेजारचे नवरा-बायको बघायला आले. "वैनी, ह्या सगळा तुमी केलात?" झालं. जुना बुश हातात घेऊन मी त्यांना रबर कुठे चिरलंय ते दाखवायला लागले. लेकीने चहा आणला. तुमच्या गॅरेजच्या गोष्टी निघाल्या, मी फुशारून गेले. मग हात धुतले आणि घरात आले.

आज सकाळी ती गेली. पोचल्यावर तिचा मेसेज आला, "आई, आवाज गेलो. गाडी एकदम सरळ जाता." तो मी किती वेळा वाचला असेन. मघाशी साडेतीनला अवजारं आवरायला गेले, तर तुमचा पाना गोणपाटात गुंडाळलेला, सुतळीची गाठही सुटलेली नाही. बोल्ट छोट्या पान्याने टेकवलेले, तसेच राहिलेत. जाताना निभावलं. येताना एखादा नट सुटला, तर त्या वळणांवर, समोरून चिऱ्यांचे ट्रक येत असताना, गाडी तिच्या हातात राहणार नाही. ती पाचला निघते आणि गाडी चालवताना फोन उचलत नाही. ती सवय मीच लावली.

आता सव्वाचार झालेत. तिला एवढंच सांगायचंय की गाडी हलवू नको, तिथला मेकॅनिक बोलाव, बोल्ट माझ्याकडून राहिलेत. दोन मिनिटांच्या फोनचं काम. ते सोडून मी वही काढून तुम्हाला लिहीत बसले आहे, आणि हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. पोरीच्या काळजीने दर ओळीला घड्याळ बघतेय. तरी पाऊण तास मी तिच्यापुढे चुकल्याची लाज सांभाळत बसले. बोल्ट राहिले, ते तुम्ही एक वेळ चालवून घेतलं असतं. हा पाऊण तास चालवून घेतला नसता. वही मिटते आणि तिला फोन लावते.