‘एक मशेरी लावणारी’ हिला जाहीर उत्तर

२ मे, सकाळी ११

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, पंख्याखालच्या बाकावर. वेळ नोंदवून ठेवतो. पुढे लोक विचारतील.

किशोरी टेबलापाशी ‘रोजचा किनारा’ चाळत होती. वाचनालय ती सांभाळते, दहा ते एक. मी रोज दहाला जातो. वाचनाची आवड. तर ‘वाचक लिहितात’मध्ये म्हसळ्याच्या कुणा रिटायर्ड गुरुजींचं पत्र होतं. तंबाखू ही कष्टकरी माणसाची विश्रांती आहे, सरकारने तीत नाक खुपसू नये, वगैरे. किशोरीने ते वाचलं, पान उलटलं आणि म्हणाली, याला कुणीतरी नीट उत्तर द्यायला पाहिजे.

वाचनालयात त्या वेळी दोनच माणसं. मी आणि बाकावर झोपलेले कोंडाजी आजोबा. आजोबांना लिहिता येत नाही. म्हणजे ती कुणाला म्हणाली हे उघड आहे.

दोन ठराव. गुरुजींना फाडायचं. आणि सिगारेट आजपासून बंद.

२ मे, दुपारी ४

दुसरा ठराव पुढे ढकलला. लिहिताना डोकं चालायला लागतं. चळवळीसाठी ओढलेली व्यसनात धरत नाहीत.

५ मे

पत्र पाठवलं. नऊशे शब्द. गुरुजींना दोन ठिकाणी ‘समाजाचे मारेकरी’ म्हटलंय. तिसऱ्या ठिकाणी खोडलं, वयाचा मान राखून. पाठवण्याआधी धक्क्यावर अनंताच्या टपरीत मोठ्याने वाचून दाखवलं. अनंता म्हणाला, म्हातारा जेवायचा न्हाय आज. मग म्हणाला, एक देऊ का, लेखक? घेतली. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

घरी आई म्हणाली, बापासंगती जाळी शिवायला बस. तिला सांगितलं की मी सध्या समाजात बिझी आहे. तर म्हणे, मग समाजाला सांग जेवायला घालाला.

या घरात विचाराला किंमत नाही. कॉलेजातही नव्हती. लोक म्हणतात हितेशने सेकंड इयरला कॉलेज सोडलं. चूक. कॉलेजला मी झेपलो नाही.

८ मे

छापलं. नऊशे शब्दांतले पंधरा उरले. जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे अन्यायाचा पुरावा राहील: ‘गुरुजींच्या मताशी मी सहमत नाही. तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे. सर्वांनी विचार करावा ही नम्र विनंती. हितेश नाखवा.’

नम्र विनंती मी जन्मात कुणाला केलेली नाही.

संपादकाला फोन लावला. म्हणाला, जागा नव्हती हो. खालीच कलिंगडाच्या सालीच्या भाजीची कृती छापलीय, अर्धा कॉलम. सालीला जागा आहे.

किशोरीने वाचलं. म्हणाली, छान आहे, थोडक्यात आहे.

रागाच्या भरात चार ओढल्या. त्या संपादकाच्या खात्यात.

१० मे

गुरुजींचं उत्तर आलं. ‘श्री. नाखवा यांच्या सौम्य आणि सुसंस्कृत पत्राबद्दल आभार.’

सौम्य. मला.

११ मे

नवा विषय पाहिजे. सिगारेट आणि गुटख्यावर आता सगळेच तुटून पडलेत. नागावच्या एका होमस्टेवाल्याने लिहिलंय की पर्यटक वाळूत थोटकं पुरून जातात. दुसऱ्याने लिहिलंय, आधी आपल्या गावचे काय पुरतात ते बघा. कुणी दंड वाढवा म्हणतो, कुणी टपऱ्या हटवा म्हणतो. सिगारेटवाल्यांवर फारच एकतर्फी चाललंय. ओढणारा निदान उघड्यावर ओढतो.

विषय आज किशोरीनेच दिला. काल उपकेंद्रात दातांचं शिबिर झालं, ती नावं लिहायला होती. म्हणाली, वीस बायका तपासल्या, अकराजणींच्या तोंडात पांढरे चट्टे निघाले. सगळं मशेरीनं. हे सांगताना ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

मुलगी अशी थांबते तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो.

१२ मे

मशेरी. कुणी हात न लावलेला विषय. आमच्याकडे बाया तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, चुरतात आणि सकाळ-दुपार दातांना चोळतात. भाजताना सगळ्या आळीला ठसका. विचारलं तर म्हणतात, तंबाखू कुठं, आम्ही दात घासतो. आईचं हेच. तंबाखू खाणाऱ्या माणसांना शिव्या देते, तोंडात बोट घालून.

सपाटून लिहिलं. ‘अडाणीपणाची काळी पूड’ असं हेडिंग. आईचं नाव घेतलेलं नाही, मी तेवढा संवेदनशील आहे. फक्त ‘माझ्याच घरात’ असं म्हटलंय. घरात आई सोडून बाईमाणूस म्हणजे मांजर.

१५ मे

पूर्ण छापलं. एक शब्द कापला नाही. वर नाव, गाव, फोटो.

आई अलिबागच्या मासळी बाजारातून आली. टोपली उतरवली, म्हणाली, जनीने वाचून दाखवला पेपर, सगळ्या बाजारान. एवढंच. बोंबील साफ करायला बसली.

हे मौन म्हणजे विचारपरिवर्तन.

किशोरीने पत्र दोनदा वाचलं. विचारलं, घरी बोललास का आधी? मी म्हणालो, चळवळीत घरदार नसतं. ती उठून पुस्तकांना नंबर चिकटवायला गेली. भारावल्यावर माणसाला काहीतरी करत राहावंसं वाटतं.

अनंता म्हणाला, आता तू मोठा माणूस. माचिस मी पेटवतो.

१९ मे

हे बघा. ‘वाचक लिहितात’, पहिलंच पत्र. रागारागाने उतरवतोय.

‘पेपरात लिहिणाऱ्या पोरास. आम्ही अडाणी आहोत हे खरे. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जातो तेव्हा पोटात काही नसते. मशेरी लावली की दुपारपर्यंत भूक कळत नाही. आईने लावली म्हणून आम्ही लावली. वाईट आहे हे आता कळले आणि सोडायला घेतली आहे. सोडताना डोके ठणकते, हात कापतात, पोरांवर उगाच ओरडायला होते. तेव्हा काय करायचे ते तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठे लिहिले आहे? तुम्ही काही सोडले असेल तर सांगा. तसे करू. — एक मशेरी लावणारी.’

ही बाई नाही. बाईला इतका नेमका मुद्दा सुचत नाही. हे म्हसळ्याचे गुरुजी, लुगडं नेसून बसलेत. किंवा संपादक स्वतः.

किशोरीला विचारलं, वाचलंस? म्हणाली, हो, तुझं काय म्हणणं आहे त्यावर? मी म्हणालो, फालतू. ती म्हणाली, तिने प्रश्न विचारलाय, हितेश. मी म्हणालो, अशा लोकांना उत्तर देत नाहीत, चेचतात. तिने माझ्यासमोरचा पेपर काढून घेतला आणि घडी घालून ठेवला. अजून एक वाजायला पाऊण तास होता.

माझ्या बाजूने संतापली होती, दुसरं काय.

२१ मे

जाहीर आव्हान पाठवलं. ‘खोट्या नावाआड लपणाऱ्या भेकडा, समोर ये. तू खरोखर बाई निघालीस आणि मशेरी खरोखर सोडलीस, तर मीही भर सभेत माझं व्यसन सोडीन.’ व्यसन कोणतं ते लिहिलं नाही. स्ट्रॅटेजी.

२३ मे

छापलं. तेही पूर्ण. संपादक आता मला टरकून आहे.

घरचं वातावरण मात्र असह्य. आई ऊठसूट खेकसते. काल कालवणात मीठ दोनदा पडलं. परवा हातातून झाकण सुटलं तर त्या झाकणाशीच भांडली. डोक्याला फडकं बांधून बसते आणि दिवसभर बडीशेप चघळते. पोराचं नाव पेपरात आलं की काही आयांना पचत नाही. बरं एक आहे, दहा-बारा दिवसांत घरात ठसका लागला नाही. वारा फिरला असावा.

आणि महत्त्वाचं. किशोरी दुपारी दोनदा आमच्या घरावरून गेली. मी केस विंचरून पडवीत येईपर्यंत ती मागच्या दाराकडे वळलेली. लाजते.

२६ मे

बातमी. ३१ तारखेला जागतिक तंबाखूविरोधी दिन, त्यानिमित्त ‘रोजचा किनारा’चा वाचक मेळावा आमच्याच वाचनालयात. संपादक येणार. गुरुजी येणार. आणि खाली बारीक अक्षरात: ‘एक मशेरी लावणारी उपस्थित राहणार असल्याचे कळवतात.’

येऊ दे. सगळ्यांसमोर पितळ उघडं पाडतो. मग भाषण, चाळीस मिनिटं. मग टाळ्या. टाळ्या थांबल्या की किशोरीला बाजूला घेऊन मनातलं सांगायचं. ती नाही म्हणेल असं एकही कारण मला सापडत नाही. मी शोधून पाहिलं.

३० मे

सकाळी ८: सिगारेट सोडली. कायमची.

८.४०: निरोपाची एक.

१०: निरोप घाईत झाला होता, सहा वर्षांच्या संबंधाला शोभेल असा नव्हता. पुन्हा घेतला.

संध्याकाळी ५: पाकीट संपलं. म्हणजे सोडलीच.

३१ मे, दुपारी २

शांतपणे लिहितो.

माणसं पन्नासेक. बाजारातल्या बायका मागे सतरंजीवर. गुरुजी आले, धोतर, छत्री, माझा हात धरून म्हणाले, तुमचं ते पहिलं पत्र फार आवडलं. संपादकाने माइक घेतला आणि विचारलं, एक मशेरी लावणारी आल्यात का? मी गुरुजींकडे बघत होतो. हललेच नाहीत.

मागून आई उभी राहिली.

मला वाटलं जेवायला बोलवायला आली. मी हाताने खूण केली, बस, नंतर येतो. बायका हसायला लागल्या. तेव्हा दिसलं की किशोरी तिच्या शेजारी आहे आणि तिने आईचा हात धरलाय.

आई म्हणाली, ती मशेरी लावणारी मी. आता न्हाय लावत. वीस दीस झालं. मला लिवता येत न्हाय, मी बोलली, किशोरीने लिवला.

वीस दिवस. म्हणजे शिबिरापासून, माझं पत्र लिहून व्हायच्याही आधीपासून. त्या अकराजणींत आई होती.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीपण, छत्री काखेत धरून. संपादक लगेच माझ्याकडे वळला. आता आव्हानाचं, हितेशराव, आपलं व्यसन कोणतं? मी म्हणालो, तो तपशील गौण आहे. दारातून अनंताने सांगितलं. ब्रँडसकट. मी म्हणालो, काल सोडली. आई म्हणाली, शर्टाला विचारा.

हशा. मी चिडून आईला म्हटलं, शिबिरात चट्टे निघाले तर मला का सांगितलं नाहीस? घरात मी कोण आहे?

ती म्हणाली, तुला सांगितला असता तं पेपरान छापून आणला असतास.

पुन्हा हशा. आता कोंडाजी आजोबापण जागे. फक्त किशोरी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

भाषण झालं नाही. वेळ नव्हता म्हणाले.

३१ मे, संध्याकाळी ५

किशोरी आमच्या घरी आली. पुढच्या दाराने. पहिल्यांदा.

आई आणि ती आत पाटावर बसल्या. सकाळपासून सात बायका विचारून गेल्यात, कशी सोडली ते सांग. ते सगळं आई सांगतेय आणि किशोरी पेपरासाठी लिहून घेतेय. डोकं ठणकलं की काय केलं, हात कापले की काय केलं. आणखी एक कळलं. मंगळवारी अलिबागला जायचंय. एक चट्टा डॉक्टरांना आवडलेला नाही, त्याचा तुकडा काढून तपासणार आहेत. आईने हे सांगितलं ते सुकटीचा भाव सांगावा तसं.

मला कुठे बसावं ते सुचेना. उभ्यानेच म्हणालो, मंगळवारी मी येतो बरोबर. आई म्हणाली, ये. सरळ ये म्हणाली, टोमणा नाही, काही नाही. मला आणखीच राग आला. कुणाचा ते ठरवायचंय.

मग किशोरीने वर बघितलं. विचारलं, आत्ता ओढून आलास? मी म्हणालो, नाही. खरं तर घरामागे एकच, सकाळच्या अपमानाची. ती म्हणाली, हितेश, काकींना वास आला की तल्लफ येते, अजून कच्चं आहे त्यांचं. तू बाहेर बस. आणि दार लावून घे.

आवाज चढवला नाही. तसाच, पुस्तक परत करायची तारीख सांगते तसा.

नोंद राहावी म्हणून लिहितो. मला कुणी घालवलं नाही. घर माझं आहे. आत गरमही होत होतं. मी स्वतः वही उचलली, स्वतः बाहेर आलो, आणि दार मीच लावलं. नीट लावलं.