झालं, ऊठ आता

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, गुडघा बरा नाही, दोघांचं आपलं चाललंय. वहिनीचा खोकला गेला का? नसेल तर आता डॉक्टर बदल, औषध नको.

तुझ्या पत्रातलं पहिलं पान नुसता मस्का. कामाचं काय ते दुसऱ्या पानावर, तेही खालच्या चार ओळींत. म्हणजे तुझ्या फोटोग्राफीच्या शाळेत मी एक दिवस येऊन शिकवायचं, 'ज्येष्ठ छायाचित्रकार' म्हणून. मी फोटोवाली आहे रे. ज्येष्ठ-बिष्ठ काय ते तू हो.

शिकवायचा विचार तसा माझ्याही डोक्यात घोळतोय. दर आठवड्याला कोणीतरी दारात उभं राहतं, गळ्यात कॅमेरा, "मावशी, जरा दाखवा ना." मी हाकलते. आठवी नापास बाईनं कुणाला काय शिकवायचं? आणि एकदा एकाला शिकवलं, तेवढं पुरे झालं.

पण त्यातली एक चिवट निघाली. लग्नांचे फोटो काढते. तीन वेळा हाकललं तर चौथ्यांदा स्वतःचा चहा थर्मासात घेऊन आली. ती तुझ्याच शाळेत शिकलेली. मला म्हणाली, "मावशी, आमच्या सरांची एक पद्धत आहे. माणूस फोटोला बसला की ताठ होतो ना, तर सर एक साधा फोटो काढतात आणि म्हणतात, झालं, उठा आता. माणूस खांदे सोडतो, श्वास सोडतो. त्या अर्ध्या सेकंदात सर खरा फोटो काढतात. सरांनी स्वतः शोधलंय. सरांना कोणी गुरू नव्हता."

मी म्हटलं, "अस्सं? हुशारच म्हणायचे तुझे सर."

धाकट्या, तो पोस्टमन विसरलास? पट्टी गिळल्यासारखा बसला होता. झालं म्हटल्यावर उठायला लागला आणि माझ्या हातून चुकून बटण दाबलं गेलं. दोन्ही फोटो धुतले तर त्याची आई म्हणाली, हा दुसरा माझा मुलगा, तो पहिला कोण मला माहीत नाही. तिथून सुरू झालं ते सगळं. तू तेव्हा शाळेची चड्डी घालून पाण्यातून फोटो काढून दोरीला लावत होतास.

असो. ती पोरगी म्हणाली, तुझ्या वर्गात मागच्या भिंतीवर एका बाईचा मोठा फोटो आहे. मी पुढे काही विचारलं नाही. कोणाचा ते तूच कळव. मग यायचं की नाही बघते.

तुझी आक्का


शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. खुर्च्या किती, पंखे किती, मला आणायला गाडी कोणती, सगळं तीन पानं लिहिलंस. भिंतीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे तोच आहे.

मग मीच लिहिते. इतकी वर्षं लिहिलं नाही, बोलले नाही. तुला वाटलं असेल आक्का विसरली.

हे गेले त्याचा चौथा दिवस होता. ह्यांच्या ऑफिसातल्या कागदांना माझा फोटो हवा होता. स्टुडिओ माझा, कॅमेरा माझा, स्टूलही माझंच, पण स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही म्हणून तू कॅमेऱ्यामागे. मी तोंड घट्ट धरून बसले. तू बटण दाबलंस. म्हणालास, "झालं आक्का, ऊठ आता." आणि मी, जन्मभर लोकांना त्याच शब्दांनी गंडवणारी बाई, गंडले. तोंड सोडलं. दुसऱ्यांदा बटण वाजलं ते मी ऐकलं. वाटलं, रीळ संपवतोय.

दोन वर्षांनी तो फोटो प्रदर्शनात लागला. खाली नाव 'सुटका'. बक्षीस मिळालं, पेपरात आला. माझ्या नणंदेनं तो पाहिला. तिचा फोन आला, "वहिनी, माझा भाऊ गेला आणि तुमचं तोंड असं?" एवढंच. ठेवला. बावीस वर्षं झाली. ह्यांच्या आजारपणात आम्ही दोघी आळीपाळीनं उशाशी बसायचो. भांडायचो, एका ताटात जेवायचो. मला बहीण नव्हती, तीच होती.

आता हे नीट वाच, कारण परत लिहिणार नाही. फोटो खोटा नाही. सात वर्षं मी त्यांना कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. ते गेले तेव्हा पोटातून रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही. हे मी नणंदेला पुढेमागे माझ्या तोंडानं सांगणार होते. तिला कळलं असतं, तीही तितकीच थकली होती. पण ते तू सांगितलंस. खिळा ठोकून.

तेवीस तारखेला, रविवारी येते. गाडी पाठवू नकोस, बस आहे. समोर एक स्टूल ठेव, पाठ नसलेलं.

आक्का


मंगळवार, २५ फेब्रुवारी

धाकट्या,

रविवारी तू तिथेच होतास, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

ओळख करून देताना तू म्हणालास, "ही माझी मोठी बहीण. हिच्या स्टुडिओत माझं बालपण गेलं." तिशी ओलांडेपर्यंत होतास तिथं. एवढं लांब बालपण मी कुणाचं बघितलं नाही. मी म्हटलं, "बस स्टुलावर."

बसलास. केसांवरून हात फिरवून, शाळेच्या जाहिरातीच्या पत्रकावर छापतोस ते हसू आणून. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "झालं, ऊठ आता."

तू उठेनास. कसा उठशील? तुला पुढचं माहीत. मी कॅमेरा टेबलावर ठेवला, तरी तू हसतोयस. मी पाणी प्यायले, तरी तू हसतोयस. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, झालं म्हणाल्या त्या!" दुसरा म्हणाला, "सरांना उठवायला क्रेन आणा." सगळा वर्ग खो खो हसत सुटला. तू ओठ न हलवता मला म्हणालास, "आक्का, काढ ना लवकर." मी म्हटलं, "काढला की मघाशीच."

मग मी कॅमेरा परत हातात घेतला आणि पोरांना सांगितलं, "तुमच्या मागं भिंतीवर आहे ना, ती बाई मी. नवरा जाऊन चार दिवस झाले होते. मला न विचारता काढलाय, न विचारता लावलाय. झालं, उठा ही पद्धतही माझीच, आणि सरांना गुरू होता, तो आठवी नापास आहे."

चाळीस माना मागं वळल्या. कोणी तुझ्याकडे बघत नव्हतं. त्या वेळी तू चेहरा सोडलास आणि मी बटण दाबलं. आवाज तू ऐकलास. ऐकलास ते मी बघितलं.

पुढचं तू ऐकलं नाहीस, बाहेर गेला होतास. मी त्यांना पद्धतीचा उरलेला अर्धा भाग शिकवला. दोन्ही फोटो गिऱ्हाइकापुढे ठेवायचे. कोणता हवा, विचारायचं. नको म्हणालं तर त्याच्या डोळ्यांदेखत फाडायचा, कितीही छान आलेला असला तरी. हे मी तुलाही शंभरदा सांगितलं होतं. तुझ्या दोन महिन्यांच्या वर्गात ते कुठंच नाही. मला सांगायला दोन मिनिटं लागली.

तर शिकवायचं की नाही ते ठरलं. शिकवणार. काल तुझे अकरा जण त्या थर्मासवालीबरोबर स्टुडिओत आले. बसायला जागा नाही म्हटलं, तर म्हणाले उभे राहतो. येत्या रविवारपासून, सकाळी दहाला. तुझ्या वर्गाचीही तीच वेळ आहे, माहीत आहे मला. म्हणूनच ठेवली. मनात गोड वाटतंय, खोटं कशाला बोलू.

काल फोनवर म्हणालास, "मी तुझा फोटो भिंतीवरून काढतो, तू माझा तो पुसून टाक, मिटवू." मी फोन ठेवला, कारण तोंडात जे आलं होतं ते आईला आवडलं नसतं. तुला काढायचा तर काढ. बावीस वर्षांनी खिळा काढून नणंद परत येत नाही.

फोटो फार चांगला आलाय. पन्नाशी उलटलेला माणूस आणि तोंड डब्यात हात अडकलेल्या पोराचं. काढला तेव्हा हात जराही हलला नाही माझा.

सोबत दोन्ही पाठवतेय. एक हसरा, एक तो. गिऱ्हाइकापुढे ठेवते तसेच तुझ्यापुढे ठेवलेत. माझ्या वर्गाच्या भिंतीवर कोणता लावू ते कळव. दोन्ही नको म्हणालास तर दोन्ही फाडीन, अकरा जणांसमोर, शब्द देते. पण उत्तर फोनवर नको. लेखी दे, खाली सही कर. पहिल्या दिवशी शिकवायला मला तेच पत्र हवंय. तू होय लिही, नाही लिही, शिव्या लिही, मी ते मोठ्यानं वाचून दाखवणार. विचारायचं कसं आणि उत्तर घ्यायचं कसं, दोन्ही एकदम शिकवून होईल.

उत्तर आलंच नाही, तर तेही सांगेन.

तुझी मास्तरीण,
आक्का