पाठवणाऱ्याचा रकाना

ताथवडे, ४ ऑगस्ट २०२५

ती. जयसिंगमामांस,
भाग्यश्रीचा जय भीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र धम्मपालदादाच्या हाती देतेय. गुडघा कसा आहे?

मामा, माझी नोकरी धोक्यात आहे. आमच्या कारखान्यातून चाकणच्या कंपनीला रोजचा तपासणी-रिपोर्ट माझे साहेब उद्धव सर यांच्या नावानं जातो, त्यांच्याच सांगण्यावरून. मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या रकान्यात मी त्यांचा पत्ता टाकते. कॉम्प्युटर काही विचारत नाही, कोणाचाही टाका! शुक्रवारी ब्रेकच्या भागांना बारीक तडे दिसले. सर फोन उचलेनात आणि ट्रेनीचं कोण ऐकतंय? मी सरांच्याच पत्त्यावरून माल थांबवा असं लिहिलं. सरांनी ती आपली नाही म्हटल्यावर आता ती मेल बनावट ठरलीय, बुधवारी चौकशी आहे आणि तोच माल त्याच दिवशी पाठवायचं चाललंय. रोज करते तेच केलं ना? मग हीच मेल बनावट कशी?

तुमची घाबरलेली,
भाग्यश्री

कासारवाडी, ५ ऑगस्ट

चि. भाग्यश्रीस अ. आ.
गुडघा कुरकुरतो, तुझी मामी त्याहून जास्त. पत्र तीनदा वाचलं. मला तर मौजच वाटली गं! लिफाफ्यावर प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहावं, पोस्टमन थोडाच तपासतो? तुमच्याकडेही तीच तऱ्हा.

कारखान्याच्या टाइम-ऑफिसात होतो तेव्हा मी फोरमन कोंडाजींच्या जागी गेटपासवर सही करायचो. पण आधी ‘करिता’ लिहायचं, मग स्वतःचं नाव. हुकूम कोणाचा, हात कोणाचा, हे वाचणाऱ्याला कळायचं. तुझ्या रिपोर्टांना सरांची परवानगी होती, ते खोटे नव्हेत. माल थांबवा हे मात्र सर बोललेच नव्हते, तू त्यांच्या तोंडी घातलंस. हेतू चांगला, तरी बनावटच. रागावू नकोस.

पण तडे खरे आहेत ना? मग चौकशीची वाट कसली बघतेस, बये? आजच स्वतःच्या नावानं लिही.

लोभ आहेच, तुझ्या रागासकट.
जयसिंगमामा

ताथवडे, ७ ऑगस्ट

ती. मामांस,
जय भीम. राग आला होता, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकला. लगेच माझ्या पत्त्यावरून लिहिलं की शुक्रवारची मेल सरांची नव्हती, माझी होती, आणि तडे खरे आहेत. सोबत फोटो जोडले. तासाभरात सर स्वतः आले, भिंगातून पाहिलं आणि सगळ्या पेट्यांवर नापास मालाचे लाल कागद चिकटवले.

चौकशीत वॉर्निंग लेटर मिळालं, नोकरी राहिली. रिपोर्ट आता माझ्या पत्त्यावरून जातो, सरांच्या नावाआधी ‘करिता’ लिहून. लेटरची झेरॉक्स दादाकडे दिलीय, मामींना दाखवू नका.

आणि मामा, ट्रक रिकामाच परत गेला. माझ्या नावावर!

असंच रागवत राहा,
भाग्यश्री