दोनशे ग्रॅमचं वजन

३ मार्च, सोमवार

आज काय झालं ते क्रमाने.
१. सकाळी ९.४० ला दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन माझ्या चिमट्यातून निसटलं. टेबलाच्या कडेला आपटून खाली पडलं.
२. मी ते उघड्या बोटांनी उचललं.
३. बाहीने पुसलं.
४. पेटीत परत ठेवलं. नोंदवहीत काही लिहिलं नाही.
५. माझ्याबरोबर आकडे लिहिणारे नाना समोर बसले होते. चष्मा पुसत होते. त्यांनी पाहिलं नसावं.
६. त्याच वजनाने दिवसभरात तीन तराजू तपासले. तिन्ही दाखल्यांवर माझी सही आहे.

ज्या वजनावरून बाकीचे तराजू बरोबर की चूक ते ठरतं, त्याला बोट लावायचं नसतं. बोटाचा चिकटपणा वजनावर राहतो. आपटलं तर कडेचा टवका उडू शकतो. पडलेलं वजन त्याच मिनिटाला बाजूला काढायचं, हे मी नव्या मुलींना पहिल्या तासाला शिकवते.

हात का थरथरला तेही लिहिते, इथे कोण वाचणार आहे. रोज सकाळी दोन घोट घेतल्यावर हात स्थिर होतो. रविवारी दुपारीच बाटली संपली होती.

४ मार्च

आज पाच तराजू. तेच वजन. सकाळचे दोन घोट घेतलेले, त्यामुळे हात उत्तम.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, रोज किती? मी म्हटलं, दोन-तीन पेग.
“मोजून सांगताय की अंदाजे?”
“अंदाजे.”
“काम काय करता?”
“तराजू तपासते.”
त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. मग मी खरा आकडा सांगितला. रोज अर्धी बाटली, रविवारी एक. चार वर्षं. त्यांनी तो आकडा लिहिला, चेहरा तसाच. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे.

म्हणाल्या, एकटीने एकदम बंद करायची नाही, झटका येऊ शकतो. दहा दिवस कुणाच्या तरी घरी राहायचं. गोळ्या त्या माणसाच्या ताब्यात. “कोण आहे?”
“कोणी नाही.”
त्या पुन्हा थांबल्या. त्यांना थांबता फार छान येतं.
“वहिनी,” मी म्हटलं.

७ मार्च

वहिनीला फोन.
“काय गं, कोण गेलं?”
“कोणी नाही.”
“तू स्वतःहून फोन केलास म्हणून विचारलं.”
सांगितलं. तीन वाक्यांत. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.
“उद्या ये. उशी तुझी आण, आमची तुला चालत नाही.”
“दादाला सांग. पण त्याने काही बोलू नये.”
“तो कधी बोलतो? तुमच्या घराण्यात शब्द मोजून मिळतात.”

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण: ताप.

१० मार्च

घाम. उलटी दोनदा. नाडी ११२. अक्षर पाहूनच कळेल.

१२ मार्च

वहिनी गोळी देते आणि समोर उभी राहते. “जीभ वर कर.” मग गालात बघते. काल म्हटलं, मी काय लहान आहे? म्हणाली, “लहान असतीस तर दोन फटके दिले असते. हे परवडलं.”

दादा काही बोललेला नाही. पण मी आले त्या दिवशी त्याने बाथरूमच्या दाराची आतली कडी काढली होती. मी आत पडले तर दार उघडता यावं म्हणून. स्क्रू एका डबीत घालून डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे. माझा भाऊच तो.

मी आंघोळीला गेले की तो बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसतो. वर्तमानपत्राचं पान उलटत नाही.

१७ मार्च

दहा दिवस पूर्ण. नाडी ७८. हात पुढे धरून पाहिला. थोडा कंप आहे, पण माझा स्वतःचा.

दादाने कडी परत बसवली. चारही स्क्रू. मग मला म्हणाला, “लावून बघ.” आतून लावली, काढली. तेवढंच आमचं बोलणं. आयुष्यात माझ्याशी कोणी इतकं बोललेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

कामावर. आमच्याकडे एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणून लिहायचा, अशी पद्धत आहे. सहा वर्षं मी वाचते, नाना लिहितात. एप्रिलअखेर ते निवृत्त होतील.
“आलीस? बरं झालं. तुझ्या जागी जो दिला होता ना, तो आकडे बातम्या वाचल्यासारखे वाचायचा.”

दुपारी नोंदवही पाहिली. त्या सोमवारपासून रजेपर्यंत सोळा तराजू. माझ्या रजेत अकरा. सत्तावीस. त्यातले चार औषधं बनवणाऱ्यांचे. या आठवड्यात दोनशे ग्रॅमचं काम नाही, पुढचं सोमवारी.

बहुतेक काहीच बिघडलेलं नसेल. पण ‘बहुतेक’ हा शब्द आम्ही दाखल्यावर लिहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या, दारू सोडणाऱ्यांच्या गटात गेले. शाळेचा वर्ग, पहिलीचे बाक, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. नऊ जण. शिंपीणकाकू नऊ वर्षं प्यायलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सुईत दोरा जाईना, तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगायचे, मशीन बिघडलंय. दोन वर्षं बिघडलेलं होतं. एक बाई मेकॅनिक घेऊनच आली.”
सगळे हसले. मीही. मग माझी पाळी आली आणि मी वजनाचं सांगून टाकलं. ठरवलं नव्हतं.
काकूंनी विचारलं, “मग ते वजन आता कुठंय?”
“पेटीत.”
“वापरतं कोण?”
“आम्हीच.”
काकूंनी माझा कप उचलला आणि चहा भरून आणून दिला.

२४ मार्च, सोमवार

नाना यायच्या आत वजन पेटीतून काढलं. हातमोजे, चिमटा. वेगळ्या डबीत ठेवून लाल पट्टी लावली. नाना आले, पट्टी पाहिली. मी सांगितलं.

“मी पाहिलं होतं,” नाना म्हणाले. “चष्मा पुसायला नंतर घेतला.”

मी लाल पट्टीची डबी टेबलावर ठेवली. तीन आठवडे, माझ्यासमोर आणि माझ्या रजेतही, ते त्याच वजनाचे आकडे लिहीत होते.

“का नाही बोललात?”
“तुझा हात बघत होतो वर्षभर. म्हटलं, बोललो तर नोकरी जाईल पोरीची, आणि मग तू पुरतीच जाशील. फरक काय, फार तर पन्नास मायक्रोग्रॅम.”
“मोजलंत?”
“नाही.”

‘फार तर’ म्हणणाऱ्या मुलाला नानांनी एकदा खोलीबाहेर काढलं होतं. त्यांचा रागही आला आणि त्यांनी मला सांभाळलं हेही खरं. दोन्ही आकडे लिहून ठेवते. बेरीज करता येत नाही.

मग म्हणाले, “साहेबांना लिही. माझं नाव घाल.”
“तुमचा महिना राहिलाय, नाना.”
“म्हणूनच. घाल, गं.” आणि जाता जाता, “दारूचं मात्र लिहू नकोस. हात घसरला म्हण. कोणाचाही घसरतो.”

२६ मार्च

वहिनीला विचारलं, दारूचं लिहू की नको. म्हणाली, “मला काय विचारतेस? गाळलंस तर मला सांगू नकोस, घातलंस तरी जेवायला ये.” तिने दोन्ही वाक्यं नीट जुळवली नव्हती. बहुधा घाईत होती. मला पुरली.

आज बंद करून एकोणीस दिवस. आभार मानायचे ते अजून कोणालाच तोंडाने मानलेले नाहीत. येत नाही मला. वहिनी, दादा, डॉक्टरबाई, काकू, नाना. क्रम महत्त्वाचा नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी ९.१५ ला पत्र साहेबांच्या हातात दिलं. नक्कल:

“दि. ३ मार्च रोजी दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन माझ्या हातून पडलं. मी ते उघड्या हाताने उचललं व नोंद केली नाही. सोबत काम करणाऱ्या नानांनी हे पाहिलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचा उल्लेख करत आहे. त्यानंतर तपासलेल्या सत्तावीस तराजूंची यादी जोडली आहे. माझा हात दारूमुळे थरथरत होता. रजेच्या अर्जात ‘ताप’ लिहिलं, ते खोटं होतं. मी दारू सोडण्याचे उपचार घेत होते व घेत आहे. सत्तावीस ग्राहकांना मी स्वतः कळवू इच्छिते. परवानगी आहे की नाही, आणि मला कामावर ठेवणार की नाही, हे कृपया शुक्रवार, ४ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावं.”